अलीकडचा समुद्र

एक लॅमिनेट केलेला कागद. त्यावर : ‘११.०० – काहीही न करणे. ११.३० – तेच पुढे चालू.’

एक पांढरा रुमाल. एका टोकाला गाठ, गाठीत नाणी.

नागपूरच्या तीन लग्नपत्रिका. तिन्ही लग्नांना अण्णा गैरहजर.

चिंचेचं एक झाड. सध्या पाण्याखाली.

साठ माणसांचे दाल-बाफले.

रेल्वेची दोन तिकिटं, जबलपूर ते भोपाळ, दोन्ही लोअर बर्थ.

यातल्या कुठल्याही गोष्टीचा दुसरीशी काडीचाही संबंध नाही, याची अंबरीशला शनिवारी सकाळी अकरापर्यंत पक्की खात्री होती. अंबरीशला बऱ्याच गोष्टींची पक्की खात्री असते.

“उद्या कोणीही काहीही करायचं नाही!” शुक्रवारी संध्याकाळच्या चहाला त्यानं जाहीर केलं. “फक्त बसायचं. आरामखुर्चीत. समुद्रावर!”

“जबलपुरात?” राजश्रीनं विचारलं. राजश्री त्याची बायको. लग्नाला बावीस वर्षं झाल्यामुळे तिचे प्रश्न आखूड झाले होते.

“जबलपुरात!”

उद्या राजश्रीच्या आईवडिलांच्या, म्हणजे अण्णा आणि राधाबाईंच्या, लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. त्यासाठी अंबरीशनं आधी खराखुरा समुद्र ठरवला होता. मुंबईहून निघणारी क्रूझ, तीन दिवस, दिवसातून पाच वेळा जेवण, आणि पाण्याकडे बघत पडून राहायला लांबच लांब खुर्च्या. जाहिरातीतली माणसं तर इतकी आरामात होती, की ती जिवंत आहेत का, अशी शंका यावी. पण अण्णांनी तो बेत एका वाक्यात बुडवला होता.

“मुंबईला जायचं तर मैया ओलांडावी लागते.”

मैया म्हणजे नर्मदा. आणि अण्णा परिक्रमेत होते. परिक्रमेचा नियम सोपा : नर्मदा कायम उजव्या हाताला ठेवून चालायचं, आणि फेरी पुरी होईपर्यंत ती ओलांडायची नाही. अण्णांनी तीन वर्षांपूर्वी जबलपूरच्याच ग्वारीघाटावरून सुरुवात केली. दक्षिण तट एका दमात मारला. उत्तर तटावर गुडघ्यांनी संप पुकारला, म्हणून तो तुकड्यातुकड्यानं चालला होता : थोडं चालायचं, घरी यायचं, गुडघ्यांची समजूत काढायची, जिथे सोडलं तिथूनच पुन्हा सुरू. आता उरले होते फक्त सत्तर किलोमीटर. अण्णांनी तोफांच्या फॅक्टरीत पस्तीस वर्षं गेज तपासले होते. केसाच्या जाडीइतकी चूक असली तरी माल परत. नियमही त्यांनी तसाच पाळला. घर जबलपुरातल्या घमापूरचं, नदीच्या अलीकडे. नागपूर पलीकडे. राधाबाईंचं माहेर नागपूरचं. तिथली तीन लग्नं हुकली. राधाबाई एकट्या गेल्या असत्या, पण अण्णांना चहा करता येत नाही.

“म्हणून मी काय केलं,” अंबरीश कप टेबलावर आपटत म्हणाला, “समुद्रच अलीकडे आणला! धरणाचं पाणी. चारी बाजूंनी नुसतं पाणी, काठ दिसत नाही. दोन मजली बोट आहे, आणि नवी जेट्टी बरेलाच्या बाजूला. म्हणजे आपल्याच काठाला. रस्त्यात एक बी पूल नाही! मी नकाशावर बोट फिरवून पाहिलं.”

अंबरीश शाळेत भूगोल शिकवतो. हे लक्षात असू द्यावं.

“अण्णांना सांगितलं काय?” राजश्री.

“सरप्राइज! ‘तलावाकाठी जेवण’ म्हणून नेऊ.”

*

१०.३० – आगमन. प्रसन्न वातावरण.

अण्णा कुठल्याही गाडीत बसले, की दहा मिनिटांत झोपतात. कार असो, बस असो, रेल्वे असो. जेट्टीवर त्यांना उठवलं तेव्हा ते अर्धे घमापुरातच होते. त्याच अवस्थेत त्यांना फळीवरून बोटीत चढवलं, जिन्यानं वरच्या मजल्यावर नेलं आणि छताखालच्या खुर्चीत बसवलं. बोटीचं नाव ‘सागर-सम्राज्ञी’. सम्राज्ञीच्या खुर्च्या प्लास्टिकच्या होत्या.

“कोणता तलाव आहे हा?” अण्णांनी डोळे चोळत विचारलं.

“मोठा,” अंबरीश म्हणाला.

जबलपुरात तलाव इतके, की अण्णांना ते पटलं. शेजारी राधाबाई बसल्या, त्यांच्या शेजारी राजश्री, कठड्याला टेकून अंबरीशची कॉलेजातली मुलगी मेघना. बाकीच्या खुर्च्या सराफ्यातल्या सोनी परिवारानं भरल्या होत्या. परिवार म्हणजे पन्नासेक माणसं, एक भलामोठा स्पीकर आणि त्या सर्वांवर राज्य करणाऱ्या सोनी आंटी.

अंबरीशनं लॅमिनेट केलेला कागद मांडीवर ठेवला, पाय लांब केले, डोळे मिटले. अकरा वाजले होते. त्यानं काहीही न करायला सुरुवात केली.

ते चार मिनिटं टिकलं.

इंजिन धडधडलं, काठ मागे सरकला आणि माइकवाल्याचा आवाज घुमला : “देवियों और सज्जनों! माँ नर्मदा के विशाल जलाशय में आपका हार्दिक स्वागत है! लंच उस पार के टापू पर, गरमागरम दाल-बाफले! बोलिए नर्मदे...”

“हर!” सोनी परिवार गरजला.

अण्णांनी दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले. जणू खालच्या फळ्यांना करंट आला होता.

“अंबरीशराव.”

“जी, अण्णा?”

“हे पाणी कोणाचं आहे?”

“धरणाचं.”

“अच्छा. आणि धरण कोणावर आहे?”

भूगोलाच्या शिक्षकानं मांडीवरचा कागद उलटा करून पाहिला. हा प्रश्न तो दरवर्षी आठवीच्या पेपरात एका मार्काला घालतो.

“नर्मदेवर,” मेघनानं उत्तर दिलं. तिला तो मार्क मिळाला होता.

“पण अण्णा, मी पूल टाळला ना! एक बी पूल नाही आला!”

“पूल नाही आला, म्हणून मला नावेत टाकलं? वा, जावईबापू!”

अण्णा एरवी त्याला ‘अंबरीशराव’ म्हणत. ‘जावईबापू’ हा शब्द त्यांनी बावीस वर्षांत दोनदाच वापरला होता, आणि पहिल्या वेळी अंबरीशनं त्यांची स्कूटर नाल्यात घातली होती.

“अण्णा, पण हा जलाशय आहे. नदी वेगळी, जलाशय वेगळा. पुस्तकात दोन वेगळे धडे आहेत!”

“मैयानं वाचलं काय तुमचं पुस्तक?”

“ओलांडली तर काय होते, आजोबा?” मेघनानं विचारलं.

“पहिल्यापासून!” अण्णा म्हणाले. “पुन्हा ग्वारीघाट. पुन्हा तीन वर्षं. तीन वर्षांत मी एकदा बी ओलांडली नाही, पोरी. एकदा बी नाही! आणि सत्तर किलोमीटर राहिले असताना तुझा बाप...”

अंबरीशनं आयुष्यात पहिल्यांदाच सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं. हे गुडघे पुन्हा अडीच-तीन हजार किलोमीटर चालणार नव्हते. हे सगळ्यांना ठाऊक होतं. गुडघ्यांना तर सगळ्यात आधी.

राधाबाईंनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि रुमालाची गाठ आवळली.

“काहून एवढं टेन्शन घेऊन राहिले तुम्ही?” त्या म्हणाल्या. “मैया पाहून घेते सगळं.”

*

११.३० – तेच पुढे चालू.

अंबरीशनं बुद्धी पणाला लावली. परिक्रमेत एका ठिकाणी नावेत बसायला मुभा असते : जिथे नर्मदा समुद्राला मिळते, तिथे सगळेच परिक्रमावासी नावेनं समुद्रातून जातात. अण्णाही गेले होते.

“समुद्रात चालते ना नाव? मग हा समुद्रच समजा! मी कालपासून समुद्रच म्हणून राहिलो!”

“अच्छा? प्या.”

“काय?”

“पाणी. प्या आणि सांगा खारट आहे काय.”

अंबरीश खाली गेला, कठड्यावरून वाकला, ओंजळभर पाणी प्यायला आणि जड पावलांनी वर आला.

“गोड आहे, अण्णा.”

“मग बसा.”

मेघनानं तोवर अण्णांच्या फोनवरून परिक्रमावाल्यांच्या ग्रुपवर प्रश्न टाकला होता. ग्रुपात दोनशे चौदा माणसं, सगळी निवृत्त, सगळी जागी. उत्तरं धडाधड आली.

‘भय्यासाहेब : मूळ धार ओलांडली नाही तर दोष नाही. माघारी फिरा.’

‘विपुलजी : नावेत असलात तरी मैया उजव्या हातालाच हवी. डावीकडे गेली की संपलं!!’

‘बापूसाहेब : शुभ सकाळ. (गुलाबाचं फूल.)’

‘भय्यासाहेब : विपुलजी बरोबर बोलतात. उजवा हात!!!’

आता बोटीवर उजवा हात म्हणजे काय? धार पलीकडे, आपला काठ अलीकडे. धार उजवीकडे ठेवायची, तर तोंड पूर्वेला करून बसावं लागणार. अण्णा बसले. बोट वळली. अण्णांचं तोंड दक्षिणेला गेलं.

“खुर्ची!” अण्णा ओरडले.

अंबरीशनं सासऱ्यांसकट खुर्ची फिरवली. बोट पुन्हा वळली. अंबरीशनं पुन्हा फिरवली. बोट चालवणारा प्रवाशांना नजारे दाखवायला नागमोडी चालवत होता, आणि वरच्या मजल्यावर भूगोलाचा शिक्षक सत्तर किलोच्या होकायंत्राचा काटा हातानं फिरवत होता. त्याच्या शर्टातून घाम असा निथळत होता, की धरणाची पातळी वाढावी!

हे सगळं सोनी परिवार कौतुकानं बघत होता.

“अरे, एनिवर्सरी है अंकल की!” सोनी आंटींना राजश्रीकडून तेवढंच कळलं होतं. “कुर्सीवाला डांस चल रहा है! चलो सब!”

स्पीकर सुरू झाला. पन्नास माणसं आपापल्या खुर्च्या घेऊन गोल फिरू लागली. अण्णा पूर्वेला, की सगळे पूर्वेला. वरचा मजला डुलायला लागला. माइकवाला किंचाळला, “भाइयों, एक तरफ मत झुकिए!” तेव्हा सगळे दुसऱ्या बाजूला झुकले.

“पप्पा,” मेघना म्हणाली, “खुर्ची फिरवून काय होणार? बोटच रोका ना!”

हे अंबरीशला सुचलं नव्हतं. त्याच्या कागदावर तसा रकाना नव्हता.

*

१२.३० – पुढे बसून गप्पा.

बोट चालवायची केबिन पुढच्या टोकाला होती. आत बर्मन नावाचा पंचावन्नेक वर्षांचा माणूस एका हातात चाक आणि दुसऱ्यात चहा धरून बसला होता.

“भैया, रोको! बीच से आगे मत जाना!”

“बीच?” बर्मननं शांतपणे समोर पाहिलं. “साहब, बीच कहाँ है? सब पानी-पानी है. और लंच तो उस पार है.”

“मेरे ससुर परिक्रमा में हैं!”

बर्मनचा चहा सांडला. त्यानं झटक्यात इंजिन बंद केलं आणि कान पकडले. “परिक्रमावासी को नाव में बिठाया? साहब, आप हैं कहाँ के?”

“घमापुर का.”

“घमापुर का होके!” बर्मननं मान हलवली, ती शेवटपर्यंत हलतच राहिली.

बोट पाण्याच्या मध्यावर, निदान मध्यासारख्या कुठल्यातरी जागी, गप्प उभी राहिली. स्पीकरही थांबला. आणि त्या शांततेत सोनी परिवाराला भूक लागली.

“बोट बंद काहे कर दी? बाफले ठंडे हो जाएँगे!” सोनी आंटी जिन्यात उभ्या ठाकल्या. मागे पन्नास उपाशी सोनी. “किसने रुकवाई?”

अंबरीशनं खरं सांगायचं ठरवलं, कारण पळायला जागा नव्हती. “आंटीजी, वो ऊपर जो बैठे हैं ना, वो परिक्रमावासी हैं. पार हो गए तो परिक्रमा टूट जाएगी. तीन साल की.”

आंटी थिजल्या. मागे वळल्या. ताडताड वर गेल्या. अंबरीश धावला, आता मार पडणार म्हणून.

वर आंटी अण्णांच्या पायांवर डोकं ठेवून बसल्या होत्या.

“महाराज, माफी! हमने आपको नचाया!”

बघता बघता रांग लागली. पन्नास माणसं पाया पडली. कुणी बाळ आणून पायाशी ठेवलं, कुणी सुनेला मुलगा कधी होईल ते विचारलं, कुणी गुडघेदुखीवर उपाय विचारला. अण्णांनी त्यालाच उलट विचारलं. स्पीकरवर आरती लागली.

फक्त मूळ प्रश्न जागच्या जागी होता : धार आहे कुठे? ओलांडली तर नाही?

तेव्हा बर्मन वर आला. गमछा डोक्याला बांधून, हात जोडून.

“बाबूजी, चिंता न करें. धार हमको मालूम है.” त्यानं कठड्यापलीकडे, सरळ खाली, बोट दाखवलं. “ये हमारा गाँव है.”

सगळ्यांनी वाकून पाहिलं. नुसतं पाणी.

“बाँध बना तब डूबा. हम लड़के थे. ठीक यहाँ चौपाल थी, और इमली का पेड़. नदी तो इमली से आगे थी, दो खेत छोड़ के. हम अभी इसी पार हैं.”

अण्णांच्यातला गेज तपासणारा जागा झाला. “दो खेत यानी कितना?”

“एक बीड़ी भर, बाबूजी. सुलगा के चलो तो घाट पे बुझती थी.”

पस्तीस वर्षं केसाच्या जाडीवर भांडलेल्या माणसानं बर्मनच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाला, “पास!”

मग अण्णांनी खुर्चीतूनच खालच्या गावाला हात जोडले. बर्मननंही. अंबरीशला उगाच वाटलं, की आपण कुणाच्या तरी घराच्या छपरावर उभे आहोत. तो जरा अवघडून बाजूला सरकला.

“चलो!” सोनी आंटींनी डोळे पुसले. “पर महाराज खाए बिना कोई नहीं खाएगा. और खाना है उस पार.”

सगळ्यांनी अंबरीशकडे पाहिलं.

*

१.३० – निवांत भोजन.

बोटीला मागे एक छोटी डोंगी बांधलेली होती. तिच्यात एक वल्हवणारा आणि एक पातेलं धरणारा मावत होता. माइकवाल्यानं वल्ही घेतली. पातेल्याशी अंबरीश.

पहिल्या खेपेला डाळ. दुसऱ्या खेपेला बाफले, म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे. तिसऱ्या खेपेला सोनी आंटींना आठवलेलं लिंबू, लोणचं आणि चटणी. डाळ उकळती होती, डोंगी हलती होती, आणि अंबरीश दोन्हींच्या मधोमध. टापूवरून निघालेल्या डाळीतली पाऊण सम्राज्ञीला पोचली. पाव त्याच्या पँटवर. वर पोचल्यावर त्यालाच वाढायला लावलं, कारण यजमान तोच! साठ पानं! तुपाचं भांडं घेऊन तो वाकत वाकत फिरत होता, आणि लांबच लांब खुर्च्यांवर पडलेली ती जाहिरातीतली माणसं त्याच्या डोळ्यांपुढे हसत होती.

त्या दुपारी अंबरीशनं नर्मदा सहा वेळा ओलांडली. त्याला कोणी काही विचारलं नाही.

अण्णा पूर्वेला तोंड करून चार बाफले जेवले. राधाबाईंनी जेवण झाल्यावर रुमालाची गाठ सोडली, एक नाणं काढलं, “नर्मदे हर” पुटपुटल्या आणि कठड्यावरून टाकलं. गाठ पुन्हा बांधली. सराईतासारखी.

“बढिया झालं,” अण्णा ढेकर देत म्हणाले. “डाळीत मीठ कमी होतं.”

*

५.०० – ताजेतवाने होऊन परत.

जेट्टीवर उतरल्यावर अण्णांनी अंबरीशच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा तेवढाच कोरडा होता.

“जावईबापू.”

अंबरीशनं डोळे मिटले.

“तुम्हीच मला खड्ड्यात टाकलं, खरं आहे. पण तुम्हीच बाहेर काढलं. आज तुम्ही नसते, तर माझी परिक्रमा गेली होती.”

“अण्णा, मी नसतो तर तुम्ही घरीच...”

“ऐका. सोमवारपासून शेवटचे सत्तर किलोमीटर. तुम्ही माझ्यासोबत. तुमच्या शाळेला सुट्टी आहे, मी मेघनाला विचारून घेतलं.”

“पायी?”

“नाही तर काय, नावेत?”

राजश्री इतकी हसली, की तिला कठडा धरावा लागला. अंबरीशनं मदतीच्या आशेनं सासूबाईंकडे पाहिलं.

“जा बाप्पा, जा तुम्ही,” राधाबाई म्हणाल्या. “चालून टाका एकदाचे. मेघना, पुढच्या महिन्याचं नागपूरचं तिकीट पाहून ठेव. दोघांचं.”

कार निघाली. अण्णा म्हणाले, “तीन वर्षं, अंबरीशराव. एकदा बी नाही!” आणि बरेला यायच्या आधी घोरू लागले. राधाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. लॅमिनेट केलेला कागद अंबरीशच्या मांडीवर होता. त्यावरची डाळ पुसली गेली. लॅमिनेशनचा एवढा फायदा झाला.

गेल्या मार्चमध्ये अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन भोपाळला झालं. तिकिटं अंबरीशनं काढली होती. ती गाडी इटारसीवरून जाते आणि भोपाळ येईपर्यंत नर्मदा दोनदा ओलांडते. अण्णा जबलपूरनंतरचं पहिलंच स्टेशन, मदनमहल, यायच्या आधीच झोपले होते. राधाबाई खिडकीशी जाग्या होत्या. दोन्ही पुलांवर त्यांनी एकेक नाणं टाकलं.